कर्जचिठ्ठी आणि हुंडी: १६२२ च्या एका व्यापारी ग्रंथातील दोन कागद

लंडनमधील व्यापारी जेरार्ड मॅलिन्स यांचा ‘कन्सुएतुदो, वेल लेक्स मर्काटोरिया’ हा व्यापारी रूढींवरचा जाडजूड ग्रंथ १६२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना दोन कागदांची हमखास गल्लत होते. दोन्हींवर रक्कम, मुदत आणि सही असते. परंतु कर्जचिठ्ठी म्हणजे देणेकऱ्याने स्वतः दिलेले वचन, तर हुंडी (विनिमयपत्राला इथे हुंडीच म्हणू) म्हणजे तिसऱ्याने पैसे द्यावेत असा लेखी आदेश.

हुंडीला मुळात दोन शहरे आणि चार माणसे लागत. लंडनमध्ये एकाने पौंड द्यायचे, ते घेणाऱ्याने ॲम्स्टरडॅममधील आपल्या आडत्यावर हुंडी लिहायची, आणि त्या आडत्याने मुदत भरताच पहिल्याच्या तिथल्या माणसाला स्थानिक चलनात रक्कम चुकती करायची. या दोन शहरांमधली रिवाजी मुदत एक महिन्याची होती. आडत्याने हुंडी नाकारली, तर नोटरीकडून तसा दाखला घ्यावा लागे. चलन बदलत असल्यामुळे व्याज विनिमयाच्या दरातच दडवता येई. सराफ विनिमयाचे दर फिरवून इंग्लंडचे सोनेचांदी बाहेर नेतात, हा तर मॅलिन्स यांचा लाडका आरोप. इथे ते हट्टी वाटतात. आयात-निर्यातीच्या तोलावर बोट ठेवणारे त्यांचे प्रतिपक्षी मिसेल्डन अधिक पटतात.

कर्जचिठ्ठीला एकच शहर पुरे. उधार माल घेणारा ‘अमक्यास किंवा चिठ्ठी आणणाऱ्यास’ रक्कम देण्याचे लिहून देई. अँटवर्प, मिडलबर्ग, हँबर्ग येथे विक्रेता तीच चिठ्ठी आपल्या पुढच्या खरेदीपोटी देऊन टाकी आणि ती हातोहात फिरे. मॅलिन्स यांना ही रीत इंग्लंडात हवी होती, पण येणे वसूल करण्याचा हक्क असा परक्या हाती जाणे तिथल्या कायद्याला मान्य नव्हते. गुंतागुंतीची हुंडी न्यायालयांनी आधी स्वीकारली. साध्या वचनचिठ्ठीला (म्हणजे कर्जचिठ्ठीसारख्याच लेखी वचनाला) मात्र मुख्य न्यायाधीश होल्ट यांनी १७०२ मध्येही तो दर्जा नाकारला, आणि अखेर १७०४ मध्ये कायदा करून पार्लमेंटला तिला हुंडीच्या पंक्तीला बसवावे लागले.

भारतातही १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात (म्हणजे हातोहात फिरू शकणाऱ्या अशा कागदांच्या कायद्यात) दोन्हींच्या व्याख्या कलम ४ आणि ५ मध्ये शेजारीशेजारी आहेत. फक्त ‘आणणाऱ्यास देय’ वचनचिठ्ठी काढण्याचा अधिकार १९३४ च्या कायद्याने रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्यापुरताच राखला आहे; धारकाला रक्कम देण्याचे गव्हर्नरांचे वचन शंभराच्या नोटेवर छापलेले असते.