ईश्वराला ओळखायचे म्हणजे नेमके कुणाला? बहाई धर्मातील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये उगम पावलेल्या बहाई धर्मातल्या तीन अनिवार्य प्रार्थनांपैकी सर्वांत छोटी प्रार्थना दुपार ते सूर्यास्त या वेळात एकदाच म्हणायची असते. तुला ओळखावे आणि तुझी आराधना करावी यासाठीच तू मला निर्माण केलेस, अशी साक्ष भक्त पहिल्याच वाक्यात देतो आणि लगेच स्वतःच्या असमर्थतेची कबुलीही देतो. ओळखण्यासाठी जन्म, पण ओळखण्याची ताकद नाही, हा पेच बहाई धर्माहून कितीतरी जुना आहे.

माणसाची निर्मिती उपासनेसाठी झाली, असे कुराण सांगते. त्या उपासनेचा अर्थ काही भाष्यकारांनी ‘ओळखणे’ असा लावला. ‘मी एक दडलेला खजिना होतो, मला कुणीतरी ओळखावे म्हणून मी सृष्टी घडवली’ हे वचनही सूफींमध्ये अतिशय लोकप्रिय होते. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, अभ्यासकांना ते अस्सल वाटत नसे, त्याची सूफींनी फारशी फिकीर केली नाही. बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लाह यांच्या थोरल्या मुलाने, म्हणजे पुढे त्यांचे वारसदार झालेल्या अब्दुल-बहांनी, बगदादमध्ये, किशोरवयातच, एका उस्मानी अधिकाऱ्याच्या विनंतीवरून याच वचनावर भाष्य लिहिले.

माझ्या मते या विषयाचा खरा गाभा बहाउल्लाहांच्या बगदादमधल्या हद्दपारीच्या दहा वर्षांत, 1853 ते 1863 मध्ये, आहे. तिथे ‘बाब’ यांचे (बहाउल्लाहांच्या आधीचे प्रेषित, ज्यांना बहाई त्यांचे अग्रदूत मानतात) एक मामा शंका घेऊन आले. आपल्याच बहिणीचा मुलगा, म्हणजे ज्याची शतकानुशतके वाट पाहिली तोच, हे त्यांच्या गळी उतरत नव्हते. त्यांच्या प्रश्नांना उत्तर म्हणून बहाउल्लाहांनी ‘किताब-ए-इकान’ हा ग्रंथ लिहिला. ईश्वराचे मूळ स्वरूप कुणालाही गाठता येत नाही; कुराणात ज्या ‘ईश्वरभेटी’चे वचन आहे ती भेट त्याच्या प्रकटरूपाशी, म्हणजे युगायुगांत येणाऱ्या प्रेषिताशी होते, असा त्याचा युक्तिवाद आहे. म्हणजे ईश्वराला ओळखण्याचा प्रश्न मामांपुढे भाच्याला ओळखण्याचा होऊन बसला होता.

पुढे 1873 च्या सुमारास अक्का इथे (आजच्या इस्रायलमधले शहर, बहाउल्लाहांच्या हद्दपारीचे पुढचे ठिकाण) त्यांचा नियमांचा ग्रंथ ‘किताब-ए-अक्दस’ आला आणि त्याच्या पहिल्याच परिच्छेदाने दोन कर्तव्ये एकत्र बांधली: प्रकटरूपाला ओळखणे आणि त्याच्या आज्ञा पाळणे. एकावाचून दुसरे स्वीकारले जात नाही. (हा ग्रंथ प्रथम छापला गेला तो 1890-91 मध्ये मुंबईत.) डोळे मिटून ध्यानात ईश्वर गाठला आणि नियमांतून सुटलो, असे म्हणायची सोय त्यामुळे उरली नाही.

पण प्रकटरूप म्हणजे साक्षात ईश्वरच की केवळ त्याचा आरसा? इराणमधल्या अनुयायांत यावर मतभेद झाले. बहाउल्लाहांच्या लेखनात दोन्ही सूर सापडतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना आधार मिळत होता. एका विद्वान अनुयायाने बहाउल्लाहांकडे थेट विचारणा केली. आलेले उत्तर चक्रावून टाकणारे होते. माणसांची समज वेगवेगळ्या पातळीवर असते. वाद घालण्याचा हेतू नसेल तर दोघेही मान्य, आणि त्यावरून भांडणार असतील तर दोघेही अमान्य. कोण बरोबर, याचा निवाडा झालाच नाही. मला हा निर्णय पळवाटेचा वाटत नाही. मूळ स्वरूप जर कळणारच नसेल, तर त्याबद्दलच्या दोन मतांत विजेता कसा ठरवणार? एकीपुढे सिद्धांत दुय्यम ठरला, हे मात्र खरे. गंमत म्हणजे प्रश्न विचारणारा तो विद्वान स्वतःच पुढे बहाउल्लाहांचे वारसदार अब्दुल-बहा यांच्याविरुद्ध गेला आणि समाजाबाहेर पडला.

हा मोकळेपणा पुढे आक्रसला. अक्का इथे 1904 ते 1906 दरम्यान अब्दुल-बहांसोबत जेवणाच्या वेळी झालेल्या प्रश्नोत्तरांत ‘सारे अस्तित्व म्हणजेच ईश्वर’ हे सूफी मत नाकारले गेले. माणसाला ईश्वराचे गुण कळतात, स्वरूप नाही, आणि ते गुण सर्वांत स्वच्छ दिसतात ते प्रकटरूपात, हे तिथे पुन्हा सांगितले गेले. नंतर अब्दुल-बहांचे उत्तराधिकारी शोगी एफेंदी यांच्या 1934 मधल्या एका दीर्घ पत्राने आणखी स्पष्ट बजावले की बहाउल्लाहांना अदृश्य ईश्वराशी एकरूप समजू नये. ज्या प्रश्नावर अक्केहून निवाडा आला नव्हता, त्याची एक बाजू अशी बंद झाली.

आज अभ्यासवर्गांत ईश्वराला ओळखणे हे आयुष्याचे प्रयोजन म्हणून सुरुवातीलाच शिकवले जाते आणि चर्चा लवकरच सेवेकडे, मुलांच्या वर्गांकडे आणि सामूहिक प्रार्थनेकडे वळते. अक्दसमधल्या त्या जोडीतला दुसरा अर्धा भागच त्यात जास्त जागा घेतो.