मध्यरात्रीच्या गोट्या

ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला आमची सात मजल्यांची इमारत आहे आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्हाला रात्री एका विशिष्ट आवाजाने जाग येऊ लागली. डोक्यावरच्या स्लॅबवर कोणीतरी गोटी टाकावी तसा तो आवाज होता: टक्, टक्, टक्‌टक्, टकटकटक आणि मग शांतता. प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा हलका आणि दोन ठोक्यांमधले अंतर आधीच्यापेक्षा कमी. फरशीवर पडलेली गोटी अगदी अशीच उसळते, कारण प्रत्येक उसळीत तिच्या वेगाचा ठरावीक हिस्सा शिल्लक राहतो आणि उसळीला लागणारा वेळही त्याच प्रमाणात घटत जातो. त्यामुळे वरच्या घरात पाहुण्यांची मुले जागी असावीत याबद्दल आम्हाला शंकाच उरली नव्हती. चौथ्या दिवशी मी वर जाऊन काकूंना विचारले. घरात काका आणि त्या दोघेच होते, तोच आवाज त्यांनाही ऐकू येत होता आणि तो सहाव्या मजल्यावरून येतो याची त्यांना खात्री होती. सहाव्या मजल्यावरचे लोक सातव्याकडे बोट दाखवत होते.

एकाच आवाजासाठी प्रत्येक जण आपल्या वरच्या घराला जबाबदार धरतो, यात शेजाऱ्यांच्या स्वभावाचा दोष नाही. काँक्रीटच्या इमारतीत माणसाचा कान खरोखरच फसतो आणि तो का फसतो हे समजले की शोधाची दिशा बदलते.

आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपल्याला दोन कानांमधल्या फरकावरून कळते. उजवीकडून आलेला आवाज डोक्याला वळसा घालून डाव्या कानापर्यंत पोहोचायला जास्तीत जास्त 0.6 ते 0.7 मिलिसेकंद उशीर होतो आणि मेंदू एवढा सूक्ष्म फरकही टिपतो. जाड आवाजांसाठी मेंदू वेळेतला हा फरक वापरतो, तर बारीक आवाजांसाठी डोक्याच्या आडोशामुळे पडणारा मोठेपणाचा फरक वापरतो, असे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1907 साली दाखवून दिले. वर आणि खाली यांच्या बाबतीत मात्र हा हिशेब लागू पडत नाही, कारण डोक्यावरचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी आणि सारखाच ऐकू येतो. तिथे कानाच्या पाळीच्या वळणांवरून परावर्तित होणाऱ्या उंच कंप्रतांचा, म्हणजे सेकंदाला जास्त कंपने असलेल्या बारीक सुरांचा, आधार घ्यावा लागतो आणि भिंती-स्लॅबमधून आलेल्या बोथट ठोक्यात नेमक्या त्याच कंप्रता फारशा उरलेल्या नसतात. त्यातच हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो, तर काँक्रीटमध्ये तो 3,000 ते 4,000 मीटरच्या घरात असतो. खांब, तुळया आणि स्लॅब एकसंध ओतलेले असल्याने एका जागी बसलेला ठोका क्षणार्धात सगळ्या सांगाड्यात पसरतो. तबल्याच्या काठावर बोट मारले तरी नाद सगळ्या पुडीतून निघतो, तसा तो आवाज खोलीच्या अख्ख्या छतातून बाहेर पडतो. जमिनीवर फरशी, तिच्याखालचा भराव, पलंग आणि कपाटे यांचे ओझे असते, छत मात्र उघडे असते आणि आपण उताणे झोपलेलो असतो. कानाला नेमकी दिशा कळत नाही, तेव्हा मेंदू आजवरच्या अनुभवावरून निष्कर्ष काढतो आणि अनुभव सांगतो की ठोके वरून येतात.

म्हणून अशा आवाजाचा माग काढताना तो कुठून येतो हा प्रश्न मी आता बाजूला ठेवतो आणि तो नेमका केव्हा येतो हे आधी विचारतो. जागेबद्दल कान चुकतो, पण वेळेबद्दल घड्याळ चुकत नाही. आम्ही उशाशी वही ठेवली आणि जाग आली की वेळ लिहायला सुरुवात केली. अकरा रात्रींनंतर त्या नोंदी पाहिल्या तेव्हा दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या. आवाज रात्रीतून एकदा किंवा दोनदाच येत होता आणि ज्या दिवशी महापालिकेच्या पाण्याची कपात असे, त्या रात्री तो अजिबात येत नव्हता.

पाणी रात्री खालच्या टाकीत येते. गच्चीवरची टाकी रिकामी होत आली की पंप आपोआप सुरू होतो आणि ती भरली की आपोआप बंद होतो. एका रात्री वॉचमनला सांगून मी पंपाच्या खोलीत उभा राहिलो आणि बायको बेडरूममध्ये फोन चालू ठेवून बसली. पंपाची घरघर वीस मिनिटे चालली, तेवढ्या वेळात वर काहीही ऐकू आले नाही. पॅनेलवरचा दिवा विझला, मोटर थांबली आणि त्याच क्षणी फोनवर तिचा आवाज आला, ‘आला, आत्ता आला!’ तेव्हा माझ्या कानाशी फक्त पाइपातली लोखंडी झडप आपटल्याचा एक जड ठोका पडला होता.

पंप थांबला तरी वर चढणाऱ्या पाइपातले पाणी लगेच थांबत नाही. आधी त्याचा वेग मंदावतो, मग ते उलट खाली येऊ लागते आणि पंपाशेजारची झडप, जिला प्लंबर एनआरव्ही म्हणतात, धाडकन मिटून त्याला अडवते. वाहते पाणी असे एकाएकी अडले की दाबाची एक जबर लाट पाइपातून धावत सुटते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी 1897-98 साली मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून या लाटेचे गणित मांडले. पाण्याची घनता, पाइपातल्या लाटेचा वेग आणि पाण्याच्या वेगातला बदल या तिघांचा गुणाकार केला की दाबातली वाढ मिळते. लोखंडी पाइपात लाटेचा वेग सेकंदाला 1,200 मीटरच्या आसपास धरला आणि सेकंदाला फक्त 1 मीटर वेगाने जाणारे पाणी अचानक थांबले असे मानले, तर दाब एका झटक्यात हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण 12 पटींनी वाढतो. एवढ्या धक्क्याने पाइप हलणारच. पाइप घट्ट आवळलेला असेल तर तो धक्का पचवतो. आमच्याकडे तसे नव्हते.

प्लंबरने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पाइपावर टेकवले, मूठ कानाला लावली आणि डक्टमध्ये मजल्यामजल्यावर ऐकत तो वर चढला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर त्याने नकारार्थी मान हलवली. चौथ्या मजल्यावर, आमच्याच न्हाणीघराच्या मागे, पाइपाला धरणाऱ्या क्लॅम्पचा एक बोल्ट गंजून गळून पडला होता आणि भिंतीच्या प्लास्टरवर रुपयाएवढा गुळगुळीत खळगा पडला होता. पाइप त्या खळग्यावर आपटून उसळत होता, प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा लहान होत होती आणि आमच्या गोट्या त्या तिथे होत्या. रबराची पट्टी घालून नवा क्लॅम्प बसवला आणि पाणी उलटे फिरण्याआधीच मिटणारी स्प्रिंगची झडप लावली. खर्च सोसायटीने केला. ज्यांच्याकडे आम्ही संशयाने पाहिले होते त्या काकूंना मी जाऊन सगळे सांगितले आणि त्यांची माफीही मागितली.

ठोक्यांपेक्षा घूं असा एकसुरी आवाज माणसाला जास्त छळतो, कारण त्याला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. तिथे वहीच्या जोडीला मोबाइल उपयोगी पडतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे मोफत ॲप आवाजातल्या कंप्रता आलेखावर दाखवते आणि त्यातला सर्वांत उंच सुळका कितीवर आहे यावरून बराच उलगडा होतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची असते. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातले पोलाद चुंबकीय क्षेत्रामुळे सूक्ष्म प्रमाणात लांबी बदलते आणि हे प्रत्येक आवर्तनात दोनदा घडते, म्हणून ट्रान्सफॉर्मर किंवा इन्व्हर्टर गुणगुणतो तो 100 हर्ट्झवर. मिनिटाला सुमारे 2,900 फेरे घेणाऱ्या पंपाचा सुळका 48 हर्ट्झच्या आसपास दिसतो, तर 1,440 फेऱ्यांच्या मोटरचा 24 हर्ट्झपाशी. मोबाइलचा माइक इतक्या खालच्या कंप्रता नीट पकडत नाही, तेव्हा मोबाइल भिंतीवर किंवा फरशीवर टेकवून त्याच ॲपमधून कंपनांची मोजणी करावी. त्यानंतर घरातला मुख्य स्विच आणि इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करून पाहावा. स्विच बंद केल्यावरही गुणगुण चालू राहिली, तर तिचे मूळ बहुधा आपल्या घराबाहेर आहे.

इथेही जागेवर विश्वास ठेवू नये. 100 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी हवेत सुमारे 3.4 मीटर असते, म्हणजे आपल्या नेहमीच्या खोलीएवढी. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून खोलीत स्थिर पट्टे तयार करतात. भिंतीला उशी टेकवून झोपणाऱ्याला तो आवाज मोठा लागतो आणि भिंतीपासून साधारण 85 सेंटीमीटरवर तो जवळजवळ नाहीसा होऊ शकतो. ‘त्या भिंतीतूनच येतो’ असे ठामपणे सांगणाऱ्याने पलंग हलवून पाहावा, कारण बहुतेक वेळा भिंत निर्दोष असते. अर्थात पलंग हलवल्याने मूळ सापडत नाही, पण निदान झोप लागते.

वेळेचा हा धागा मोठ्या शोधांतही कामी आला आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटोमध्ये तरंगत्या घरांत राहणारे लोक 1980च्या दशकात एका गुणगुणीने हैराण झाले होते. ती उन्हाळ्यातच यायची, रात्री चालायची आणि सकाळी थांबायची. ऋतू आणि घड्याळ पाळणारा आवाज यंत्राचा असण्याची शक्यता कमीच. तो मिडशिपमन नावाच्या माशांच्या नरांचा होता, जे विणीच्या हंगामात वाताशयाचे (पोटातल्या हवेच्या पिशवीचे) स्नायू थरथरवून जवळपास 100 हर्ट्झचा सूर तासन्‌तास लावतात. कॅनडातल्या विंडसर शहराला 2011 पासून छळणाऱ्या घरघरीचा संशय नदीपलीकडच्या झग बेटावरच्या पोलाद कारखान्यावर होता. 2020 साली तिथल्या भट्ट्या थंडावल्या आणि घरघरही थांबली.

आपल्या भागातल्या आणखी दोन आवाजांबद्दल थोडक्यात सांगतो. गळती रोखण्यासाठी ठाण्यातल्या असंख्य इमारतींच्या गच्चीवर पत्र्याच्या शेड आहेत. लोखंडाचा 6 मीटर लांबीचा पत्रा 30 अंशांनी तापला तर सुमारे 2 मिलिमीटर वाढतो, हुकांनी धरून ठेवल्यामुळे तो सावकाश सरकू शकत नाही आणि ताण वाढला की एकदम सुटतो. असा टण् आवाज ऊन पडताना किंवा ढग येताना ऐकू येतो, वाऱ्याशी त्याचा संबंध नसतो. वाऱ्याचा आवाज वेगळा असतो. घोडबंदर रोडच्या उंच टॉवरमध्ये पावसाळ्यात खिडकीचे गज गातात, कारण गजाच्या मागे हवेचे भोवरे आलटून पालटून सुटतात. 12 मिलिमीटरच्या गजावर सेकंदाला 10 मीटर वेगाचा वारा आला तर सूर साधारण 170 हर्ट्झचा लागतो आणि वारा वाढला की सूर चढतो. सूर चढत-उतरत असेल तर दोष वाऱ्याकडे जातो.

बॅटरी संपत आल्यावर मिनिटामिनिटाने पीं करणारे उपकरण शोधणे मात्र खरोखर अवघड असते. अशा पींची कंप्रता 3,000 हर्ट्झच्या आसपास असते आणि तिथे कानाच्या दोन्ही युक्त्या कमी पडतात. एका जागी उभे राहून डोके फिरवण्यापेक्षा एकेका खोलीचे दार लावून पाहावे. आवाज सगळीकडे सारखाच राहिला, तर दोन्ही कानांत बोटे घालून पाहावे. बोटे घातल्यावर तो कमी झाला तर बाहेर शोधत राहावे. तो तसाच राहिला किंवा स्पष्ट झाला तर तो कानातला असण्याची शक्यता आहे. त्यासाठी कानाच्या डॉक्टरांकडे जावे आणि आवाज नाडीच्या ठेक्यावर येत असेल तर लवकर जावे.

वही न घेता, वाट न पाहता हाताळायचा आवाज एकच आहे. स्विचबोर्डमधून चर्र किंवा तडतड ऐकू येत असेल, विशेषतः गीझर किंवा एसी चालू असताना, तर आतला जोड सैल होऊन ठिणग्या उडत असण्याची शक्यता असते. बोर्डाला हात न लावता मुख्य स्विच पाडावा आणि वायरमनला त्याच दिवशी बोलवावे.