पित्ताशयातले खडे विरघळतात, मग ऑपरेशन कशाला?

पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायला त्यात जे रसायन मिसळतात तेच माणसाच्या पित्ताशयात सोडून खडे विरघळवायचे, असं कोणी सांगितलं तर आपण म्हणणार आलं बघा अजून एक व्हॉट्सअॅप फॉरवर्ड. पण हे खरंच झालंय, आणि कुठल्या बाबाच्या आश्रमात नाही तर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये, आणि १९८५ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्याचा रीतसर पेपरही छापून आला. रसायनाचं नाव मिथाइल टर्शरी ब्युटाइल इथर, पण एवढं मोठं नाव कोण घेणार, सगळे एमटीबीईच म्हणतात. आणि गंमत म्हणजे ते चाललं. खडे विरघळले, तेही महिन्यांत नाही, तासांत. तरी आज तुमच्या सोनोग्राफीत खडे निघाले तर सर्जन हे नावसुद्धा काढणार नाही, सरळ विचारेल ऑपरेशन कधी करायचं.

का, ते समजून घ्यायचं तर आधी खडा कशाचा असतो ते बघावं लागेल.

आपलं लिव्हर दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर, कधी कधी लिटरभर पित्तरस तयार करतं. त्यातला काही भाग खाली एका छोट्या पिशवीत साठतो, तेच पित्ताशय, मावतं जेमतेम ३० ते ५० मिली, पण ही पिशवी त्यातलं पाणी शोषून घेते आणि रस चांगला घट्ट करून ठेवते. आपण तेलातुपाचं खाल्लं की पिशवी आवळते आणि रस आतड्यात जातो. या रसात कोलेस्टेरॉल असतं आणि कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्याला धरून ठेवायचं काम पित्तक्षार आणि लेसिथिन हे दोघं करतात. या तिघांचं प्रमाण कुठपर्यंत जमतं आणि कुठे फिसकटतं याचा त्रिकोणी आलेख अॅडमिरँड आणि स्मॉल या दोघांनी १९६८ मध्ये मांडला. कोलेस्टेरॉल जास्त झालं, किंवा पिशवी आळशी झाली आणि नीट रिकामी होईना, की आधी बारीक स्फटिक धरतात आणि मग खडा.

पण सगळे खडे असे नसतात हं. काळे खडे असतात ते बिलिरुबिन (कावीळीत डोळे पिवळे करतं ते द्रव्य) आणि कॅल्शियमचे. रक्तातल्या तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्या की बिलिरुबिन वाढतं आणि हे खडे होतात, म्हणून विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल असलेल्या पोराटोरांच्या पोटातसुद्धा खडे सापडतात, त्यांचा तेलातुपाशी काही संबंध नसतो. आपल्या देशात उत्तरेकडे कोलेस्टेरॉलचे खडे जास्त आणि दक्षिणेकडे काळ्या आणि मिश्र खड्यांचं प्रमाण जास्त असं बऱ्याच डॉक्टरांनी नोंदवलंय. विरघळवायची जी काही कथा आहे ती फक्त कोलेस्टेरॉलच्या खड्यांची. काळ्या खड्याला इथरमध्ये बुडवून ठेवा, तो तसाच राहतो.

आणि मुतखड्याशी याची गल्लत करू नका, घरोघरी होते म्हणून सांगतोय. मुतखडा किडनीतला, बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्सलेटचा. कुळथाचं कढण आणि पाषाणभेद त्याच्यावर किती चालतात हा वाद बाजूला ठेवू, पण भरपूर पाणी पिऊन लघवी वाढवली तर पित्ताशयातल्या खड्याला त्याचा पत्ताही लागत नाही कारण त्या वाटेने लघवी जातच नाही.

बरं, कोलेस्टेरॉल म्हणजे शेवटी एक प्रकारची चरबी. सायकलच्या चेनचं ग्रीस हाताला लागलं की पाण्याने कितीही घासा जात नाही आणि रॉकेलचा बोळा फिरवला की निघतं, तसंच हे. चरबीला चरबीसारखाच द्राव लागतो. हे लोकांना फार आधीपासून माहीत होतं. फ्रान्समध्ये दिजों शहरातल्या द्युरांद नावाच्या डॉक्टरने अठराव्या शतकातच इथर आणि टर्पेंटाइनचं मिश्रण पेशंटला प्यायला द्यायला सुरुवात केली होती. पोटात घेतलेलं इथर खड्यापर्यंत कितीसं पोचणार, पण कल्पना बघा. मग १८९१ मध्ये वॉकर नावाच्या डॉक्टरने इथर नळीवाटे थेट आत सोडून बघितलं. अडचण अशी की साधं इथर ३५ अंशाच्या आसपास उकळतं आणि आपलं अंग ३७ अंशाचं. म्हणजे आत गेलं रे गेलं की त्याची वाफ, वाफेने पिशवी फुगणार आणि पेशंट वेदनेने तळमळणार.

एमटीबीई इथेच जिंकलं. तेही इथरच आहे, कोलेस्टेरॉल तेवढ्याच झपाट्याने विरघळवतं, पण उकळतं ५५ अंशाला. अंगात द्रवच राहतं. एवढ्या साध्या गोष्टीने सगळं बदललं.

पण त्याच्या आधी गोळ्यांचं एक पर्व येऊन गेलं तेही सांगायला पाहिजे. १९७२ मध्ये मेयोमधल्याच लोकांनी, त्यात अॅलन हॉफमन आणि जॉन्सन थिसल होते, सात बायकांना चेनोडीऑक्सिकोलिक अॅसिड दिलं. हे आपल्याच पित्तात असणारं अॅसिड आहे, जास्त दिलं की पित्तातलं कोलेस्टेरॉल कमी होतं आणि खडा हळूहळू झिजतो. सातातल्या चार जणींचे खडे लहान झाले किंवा गेले. मग अमेरिकेत मोठी चाचणी झाली, ९१६ पेशंट, निकाल १९८१ मध्ये आला, रोज ७५० मिलिग्रॅम अशी दोन वर्षं गोळी खाऊन खडे पूर्ण गेले ते फक्त १३.५ टक्के लोकांचे. वर जुलाब, लिव्हरच्या रिपोर्टमध्ये गडबड आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलेलं. म्हणजे खड्यासाठी घेतलेल्या औषधाने हृदयाची काळजी. नंतर तिची जागा अर्सोडीऑक्सिकोलिक अॅसिडने घेतली, ते आधी अस्वलाच्या पित्तात सापडलेलं आणि जपानमध्ये आधीपासून वापरात होतं. हे बरंच सोसतं, आजही मिळतं, लिव्हरच्या पेशंटना डॉक्टर सर्रास लिहून देतात ती गोळी हीच.

आता एमटीबीईची पद्धत. पेशंट जागाच असतो, जागा बधिर करून उजवीकडच्या बरगड्यांमधून सुई आत घालायची, लिव्हरमधून पार करून पित्ताशयात न्यायची आणि तिच्यावरून एक बारीक नळी आत बसवायची. लिव्हरमधूनच का, तर नळी काढल्यावर ते भोक लिव्हरच्या मांसात दाबून बंद होतं आणि पित्त पोटात गळायची भीती कमी. मग नळीतून थोडं थोडं एमटीबीई, काही मिलीलिटरच, आत सोडायचं आणि लगेच ओढून घ्यायचं, परत सोडायचं परत ओढायचं, मिनिटाला चार-सहा वेळा, असं तासन्‌तास. सिरिंज काचेची कारण बरीच प्लास्टिकं या रसायनात टिकत नाहीत. खोली हवेशीर पाहिजे कारण ते पेट घेतं. आणि कोणीतरी सतत हात चालवत बसलेलं पाहिजे! पुढे सॅन डिएगोत झाक्को आणि हॉफमन (तेच वरचे हॉफमन) यांनी पित्ताशयातला दाब बघून आपोआप सोडणारा-ओढणारा पंप केला, नाहीतर हे काम माणसाचं डोकं फिरवणारंच होतं.

१९८९ मध्ये थिसल आणि मंडळींनी ७५ पेशंटचा हिशोब मांडला. त्यातल्या ७२ जणांचे खडे पूर्ण किंवा ९५ टक्क्यांहून जास्त विरघळले होते, रोज सरासरी पाच तास, असं एक ते तीन दिवस. गोळीला दोन वर्षं देऊन जे होत नव्हतं ते या नळीने आठवड्याच्या आत करून दाखवलं. केमिस्ट्रीच्या बाजूने बघितलं तर माझ्या मते हा अगदी देखणा इलाज आहे.

त्रास मात्र होता. मळमळ, उलट्या, श्वासाला इथरचा वास. हात थोडा जास्त चालला आणि एमटीबीई पित्ताशयातून सांडून आतड्यात गेलं तर तिथे सूज यायची, रक्तात शोषलं गेलं की पेशंटला गुंगी यायची आणि जास्तच गेलं तर तांबड्या पेशी फुटायची भीती. शिवाय खड्यावर कॅल्शियमचं कवच असेल तर एमटीबीई बाहेरच थांबतं, म्हणून आधी सीटी स्कॅन करून खडे निवडावे लागायचे. आणि बऱ्याच जणांच्या पित्ताशयात तळाशी न विरघळणारा गाळ उरायचा, तो पुढच्या खड्याचं बी.

खरी गोची इथे आहे. खडा गेला तरी पिशवी तीच, पित्त तेच, माणूस तोच. गोळीने खडे गेलेल्यांवर लक्ष ठेवलं तर पाच वर्षांत जवळपास निम्म्यांना परत खडे झालेले दिसले. बर्लिनच्या लांगेनबुखने १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढलं, त्याचं म्हणणं असं की पिशवीत खडे आहेत म्हणून नाही तर पिशवी खडे बनवते म्हणून ती काढायची. शंभर वर्षांनी इतकी छान केमिस्ट्री करूनही मुद्दा तिथेच येऊन अडला.

आणि वर टायमिंग बघा. ज्या १९८५ च्या जानेवारीत एमटीबीईचा पेपर आला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनीत ब्योब्लिंगेनला एरिक म्यूहे या सर्जनने दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्याच्या देशातल्या सर्जन लोकांनी त्याला तेव्हा हसण्यावारी नेलं, दोन वर्षांनी फ्रान्समध्ये लियोंला मूरे या सर्जनने केलं आणि मग मात्र हे वणव्यासारखं पसरलं. आपल्याकडे मुंबईत जेजे हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमतन उडवाडियांनी १९९० मध्ये हे ऑपरेशन केलं, भारतातलं पहिलं. तोपर्यंत पित्ताशय काढायचं म्हणजे बरगडीखाली भला मोठा छेद आणि महिनाभर घरी, त्या भीतीपोटीच तर लोक नळी, गोळी, शॉकवेव्ह (बाहेरून लहरी मारून खडा फोडायचा) सगळं करून बघायला तयार होते. ती भीतीच गेल्यावर तीन दिवस नळी लावून कोण बसणार, तेही पाच वर्षांनी परत यायच्या शक्यतेसकट? एमटीबीई बाद झालं ते फेल झालं म्हणून नाही, त्याच्याशी स्पर्धा करणारं ऑपरेशन सोपं झालं म्हणून. ऑपरेशनही शून्य धोक्याचं नाही, हजारात तीन ते पाच जणांना पित्तनलिकेला इजा होते आणि ती भानगड मोठी असते, पण एकदा पिशवी गेली की विषय बराचसा संपतो. पित्त थेट लिव्हरमधून आतड्यात जात राहतं, बहुतेकांना काही फरक जाणवत नाही, काहींचं पोट थोडं सैल होतं.

आता यूट्यूबवरचं ते ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचं. रात्री कपभर तेल आणि लिंबूरस प्यायचा आणि सकाळी संडासात हिरवे खडे दिसतात, लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात. २००५ मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका बाईंचे असे हिरवे खडे तपासून लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये लिहिलं. त्यात कोलेस्टेरॉल नव्हतं, बिलिरुबिन नव्हतं, कॅल्शियमही नव्हतं, तीन चतुर्थांश फॅटी अॅसिड होतं आणि ४० अंशाला ते वितळत होते. म्हणजे प्यायलेल्या तेलाचाच आतड्यात झालेला साबण. त्या बाईंच्या पोटातले खरे खडे जिथल्या तिथे होते, ते नंतर ऑपरेशन करून काढले. आणि एवढं तेल एकदम प्यायल्यावर पित्ताशय जोरात आवळतं, एखादा खडा नळीत जाऊन अडकला तर कावीळ, स्वादुपिंडाला सूज, हॉस्पिटलच. उजवीकडे दुखतंय, ताप आहे, डोळे पिवळे दिसतायत, तर लिंबू ठेवा आणि डॉक्टर गाठा.

दुसऱ्या टोकाचीही माणसं असतात, सोनोग्राफी भलत्याच कारणाने केली, त्यात खडा दिसला आणि झोप उडाली. मिशिगन युनिव्हर्सिटीत असे काहीही त्रास नसलेले १२३ जण वर्षानुवर्षं बघितले, १९८२ मध्ये त्याचा निकाल आला, २० वर्षांत दुखणं सुरू झालं ते फक्त १८ टक्के लोकांना. त्यामुळे गप्प बसलेल्या खड्याला बहुतेक वेळा डॉक्टर हात लावत नाहीत. काही अपवाद असतात, ते तुमचा रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतील.

विरघळवायच्या औषधाला मात्र एक हक्काची जागा मिळालीय, आणि ती खडे झाल्यावर नाही, व्हायच्या आधी. वजन कमी करायचं बेरियाट्रिक ऑपरेशन केलं की चरबी भराभर उतरते, पित्तात कोलेस्टेरॉल लोटलं जातं आणि खडे धरतात. १९९५ मध्ये आलेल्या एका अमेरिकन चाचणीत अशा पेशंटना सहा महिने अर्सोडीऑक्सिकोलिक अॅसिड दिलं, नुसती बिनऔषधाची खोटी गोळी घेणाऱ्यांत ३२ टक्क्यांना खडे झाले आणि रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत २ टक्क्यांना. तेव्हापासून वजनाच्या ऑपरेशननंतर बऱ्याच ठिकाणी ही गोळी सुरू करतात, आणि क्रॅश डाएटवर महिन्याला सात-आठ किलो उतरवायला निघालेल्यांनीही पित्ताशयाचं डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं.