उतरण

उतरण म्हणजे क्षितिजसमांतर पातळीशी कोन करणारा सपाट, कडक पृष्ठभाग. तरफ, कप्पी, पाचर आणि स्क्रू यांच्याबरोबर तिची गणना साध्या यंत्रांत होते. जड वस्तू सरळ वर उचलण्याऐवजी उतरणीवरून ओढत नेली की बल कमी लागते, मात्र ते जास्त अंतरापर्यंत लावत राहावे लागते. बल वाचते, कार्य वाचत नाही. घर्षण धरले तर कार्य उलट थोडे जास्तच करावे लागते. नववीतले गतीचे नियम आणि कार्य-ऊर्जा हे दोन्ही पाठ एकाच फळीवर तपासून पाहता येतात, म्हणून यामिकीच्या सुरुवातीला उतरणीइतके उपयोगी दुसरे साधन नाही.

उतरणीवरील बले : उतरणीवर ठेवलेल्या वस्तूवर मुख्यतः तीन बले असतात. वजन सरळ खाली, पृष्ठभागाची लंब प्रतिक्रिया उतरणीशी काटकोनात आणि घर्षण उतरणीला समांतर. वजनाची दिशा फळी कितीही कलली तरी बदलत नाही. आकृतीत वजनाचा बाण उतरणीला लंब काढला, की पुढचे सगळे गणित चुकते.

वजनाचे दोन घटक पाडायचे. उतरणीला समांतर घटक वस्तूला खाली ओढतो. तो वजन × (उंची ÷ उतरणीची लांबी) इतका असतो, म्हणजेच वजन × साइन कोन. लंब घटक वस्तूला पृष्ठभागावर दाबतो. तो वजन × (पाया ÷ लांबी), पाया म्हणजे उतरणीखालचे आडवे अंतर, म्हणजेच वजन × कोसाइन कोन. साइन कुठे आणि कोसाइन कुठे हा गोंधळ परीक्षेत हमखास होतो. पाठांतरापेक्षा एक पडताळा घ्यावा. फळी आडवी केली तर कोन शून्य आणि खाली ओढणारे बलही शून्य. शून्य कोनाचा साइन शून्य असतो, म्हणून खाली ओढणारा घटक साइनचाच.

लंब प्रतिक्रिया वजनाएवढी असते, हा दुसरा गैरसमज. ती फक्त लंब घटकाएवढी असते. ३० अंशांच्या उतरणीवर ती वजनाच्या सुमारे ८७ टक्के भरते आणि घर्षणही त्याच प्रमाणात कमी होते. ‘उतरणीचे बल’ नावाचे चौथे बलही काही वह्यांत आढळते. असे वेगळे बल नसते, तो वजनाचाच घटक आहे. वजन आणि त्याचे घटक एकाच आकृतीत सारख्या ठळक बाणांनी दाखवले की एकच बल दोनदा मोजले जाते. घटक तुटक रेषेने काढावेत.

वजन म्हणजे वस्तुमान × गुरुत्व त्वरण. नाशिकचा अक्षांश सुमारे २० अंश उत्तर आणि समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६०० मीटर. त्यानुसार येथील गुरुत्व त्वरण ९.७८ ते ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. शाळेतल्या ताणकाट्याला हा फरक दिसणार नाही, म्हणून येथे सर्वत्र ९.८ धरले आहे.

कसारा घाटाचे उदाहरण : मुंबईहून नाशिककडे येणारी रेल्वे कसारा ते इगतपुरी हा थळ घाट चढते. हा मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. त्याचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर येते. कोन काढला तर तो जेमतेम दीड अंश भरतो. वर्गातल्या कोनमापकावर एवढा कोन धड वाचताही येत नाही, पण रेल्वेच्या दृष्टीने हा अतिशय तीव्र चढ आहे.

१००० टनांची गाडी आणि १२० टनांचे इंजिन घेऊ. एकूण ११२० टन. चढावरचा समांतर घटक ११२० ÷ ३७, म्हणजे सुमारे ३० टन वजनाइतका. रुळांवर चाके फिरताना होणारा विरोध त्यात मिळवावा लागतो. दर टनाला ३ किलो वजनाइतका धरला तर तो साडेतीन टनांच्या आसपास जातो. म्हणजे इंजिनाला साडेतेहेतीस टन वजनाइतके बल लावावे लागेल. हीच गाडी सपाटीवर एकसमान वेगाने न्यायला साडेतीन टन पुरतात. दीड अंशाने गरज दहापटींच्या जवळ नेली.

आता इंजिन किती बल लावू शकते ते पाहू. मोटारी कितीही ताकदीच्या असल्या, तरी गाडी पुढे जाते ती चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणावर. पोलादावर पोलादाचा घर्षणांक (कमाल घर्षण ÷ लंब प्रतिक्रिया) कोरड्या रुळावर ०.२५ धरला, तर १२० टनांचे इंजिन जास्तीत जास्त ३० टन वजनाइतके बल लावेल. गरज साडेतेहेतीसची. त्यापलीकडे चाके जागच्या जागी घसरू लागतात. पावसाळ्यात रूळ ओले झाले की घर्षणांक आणखी उतरतो, म्हणून इंजिनात वाळू भरलेली असते आणि ती चाकांपुढे रुळावर सोडतात. कसाऱ्याला गाडीमागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिने लावतात त्यामागचे मुख्य कारण हेच. इंजिन मागे लावण्याचा आणखी एक फायदा असा, की सगळी ओढ पुढच्या डब्यांच्या जोडणीवर येत नाही. इगतपुरीला बँकर सुटतात.

घर्षण हा नेहमीच अडथळा असतो असे शिकलेल्या विद्यार्थ्याने या गणितावर थांबून विचार करावा. गाडीला चढवणारे बल घर्षणाचेच आहे. घाट उतरताना समांतर घटक गाडीच्या बाजूने काम करतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून खाली येणाऱ्या गाडीची ब्रेक तपासणी होते, वेग मर्यादित ठेवतात, आणि ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवण्यासाठी घाटात चढाचे फाटे ठेवलेले आहेत. त्या फाट्यावर गाडीची गतिज ऊर्जा पुन्हा स्थितिज ऊर्जेत जाते.

प्रयोगशाळेतील उतरण : १२० सेंटिमीटर लांबीची न वाकणारी फळी, हूक असलेला ५०० ग्रॅमचा लाकडी ठोकळा, १० न्यूटनपर्यंतचा ताणकाटा, मोजपट्टी आणि टेकू म्हणून विटा एवढे साहित्य पुरते. फळीचे वरचे टोक ३० सेंटिमीटर उंचीवर ठेवावे. उंची भागिले लांबी ०.२५ येते. कोनमापक वापरू नये. एक-दोन अंशांची चूक सहज होते आणि लहान कोनात ती मोठी ठरते. टेबलापासून फळीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची आणि फळीची पूर्ण लांबी मोजली की काम भागते.

ठोकळ्याचे वजन ४.९ न्यूटन. समांतर घटक १.२३ न्यूटन. विद्यार्थी काट्यावर १.२३ची वाट पाहतात आणि काटा दाखवतो २.६ किंवा २.७. लाकडावर लाकडाचा गतिक (सरकत असतानाचा) घर्षणांक ०.३ असेल, तर लंब घटक ४.७४ न्यूटन आणि घर्षण १.४२ न्यूटन होते. दोन्ही मिळून २.६५. काटा बरोबर आहे, अपेक्षा अपुरी होती. ठोकळा सरळ उचलला असता तर ४.९ न्यूटन × ०.३ मीटर, म्हणजे १.४७ ज्यूल कार्य झाले असते. फळीवरून २.६५ × १.२, म्हणजे ३.१८ ज्यूल झाले. कार्यक्षमता ४६ टक्के. निम्म्याहून जास्त कार्य उष्णतेत गेले, आणि तरीही हाताला लागलेले बल वजनाच्या निम्म्याजवळ आले.

घर्षण वेगळे काढण्याची एक चांगली युक्ती आहे. फळी ६० सेंटिमीटर उंच करावी, म्हणजे कोन ३० अंश होईल. आता ठोकळा सोडला तर आपोआप घसरतो. तो एकसमान वेगाने वर ओढताना काटा सुमारे ३.७२ न्यूटन दाखवेल आणि तसाच हळूहळू खाली सोडताना १.१८. वर जाताना घर्षण खालच्या दिशेने होते, खाली येताना वरच्या. दोन्ही वाचनांची सरासरी २.४५ न्यूटन, हा निव्वळ समांतर घटक. फरकाचा निम्मा भाग १.२७ न्यूटन, हे घर्षण. घर्षणांक आधी माहीत असावा लागत नाही.

वाचने बिघडतात ती ठरावीक कारणांनी. ताणकाटा उभा धरून शून्यावर आणलेला असतो आणि मग तिरका वापरतात. त्याच्या हुकाचे आणि दांड्याचे वजन आता स्प्रिंगला पूर्ण ताणत नाही, म्हणून वाचन कमी येते. ज्या कोनात ओढायचे त्याच कोनात धरून शून्य पाहावे. दोरा फळीला समांतर नसेल तर ओढ ठोकळ्याला थोडे उचलते आणि घर्षण घटते. हिसका दिला की काटा स्थितिक (सरकण्याआधीच्या) घर्षणाची मोठी किंमत दाखवून खाली येतो. वाचन ठोकळा सरकायला लागल्यावर, वेग स्थिर असताना घ्यायचे. जून ते सप्टेंबर या काळात लाकूड ओल धरते, मग उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यातली वाचने जुळत नाहीत. फळी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी आणि सगळी वाचने एकाच बैठकीत पुरी करावीत.

स्थितिक घर्षणांकासाठी काट्याचीही गरज नाही. ठोकळा ठेवून फळीचे टोक हळूहळू उचलत जावे आणि तो सुटेल त्या क्षणी थांबावे. उंची भागिले पाया हाच घर्षणांक. १२० सेंटिमीटरची फळी ४२ सेंटिमीटर उंचीवर असताना ठोकळा सुटला, तर पाया ११२.४ सेंटिमीटर आणि घर्षणांक ०.३७. ठोकळ्यावर आणखी वजन ठेवले तरी कोन बदलत नाही, कारण समांतर घटक आणि घर्षण दोन्ही सारख्याच पटीने वाढतात. वर्गाला आधी अंदाज विचारावा. बहुतेक जण ‘जड ठोकळा आधी सुटेल’ म्हणतात, आणि फळी उचलून दाखवल्यावर हा मुद्दा पक्का बसतो. वाळू किंवा कांदा खाली करताना ट्रॅक्टरची ट्रॉली जॅकवर तिरकी होत जाते, तिथेही हेच चालते. ट्रॉलीचा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की माल एकदम सुटतो. ओली वाळू चिकटून बसते, तिला जास्त कोन लागतो, आणि ती सुटते तेव्हा मोठ्या ढेकळांनी सुटते.

ठोकळा सुटण्याआधी घर्षण म्हणजे घर्षणांक × लंब प्रतिक्रिया असे लिहिणे चूक आहे. स्थिर वस्तूवरचे घर्षण गरजेपुरतेच असते, आणि त्या गुणाकाराने त्याची फक्त कमाल मर्यादा मिळते.

व्यवहारातील उतरणी : नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत भरलेला २०० किलोचा ड्रम टेम्पोत चढवायचा असेल, तर १ मीटर उंचीला ३ मीटरची फळी लावतात. ड्रम गडगडत नेल्याने घर्षण नगण्य राहते आणि बल सुमारे ६५३ न्यूटन लागते. टेम्पोला बांधलेला दोर ड्रमखालून घेऊन वरून परत ओढला, तर ड्रमच हलत्या कप्पीचे काम करतो आणि बल निम्म्यावर, ३२७ न्यूटनवर येते. दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो. ड्रमच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. दोर सुटला तर समांतर घटक लगेच त्याला वेग देतो.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार १२ ला १ पेक्षा तीव्र नसावा, असा संकेत आहे. ४५ सेंटिमीटर उंच ओट्याला ५.४ मीटरची उतरण लागते. खुर्चीसह ९५ किलो वस्तुमान ढकलायला मग ७८ न्यूटन पुरतात. जागा नाही म्हणून दीड मीटरची फरशी तिरकी बसवली तर तेच बल २७९ न्यूटन होते. अशी उतरण असून नसल्यासारखीच.

सप्तशृंगगडावर २०१८ पासून चालणारी फ्युनिक्युलर ट्रॉली उतरणीचा वेगळा उपयोग करते. दोरखंडाला जोडलेल्या दोन डब्यांपैकी एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. दोघांचे समांतर घटक एकमेकांना बरेचसे तोलतात. मोटारीला उरतो तो प्रवाशांच्या वजनातला फरक आणि घर्षण.

इतिहास : सायमन स्टेव्हिन याने १५८६ मध्ये त्रिकोणी पाचरीभोवती मण्यांची माळ कल्पून उतरणीवरच्या समतोलाचा नियम मांडला. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खाचेतून घरंगळणाऱ्या काशाच्या गोळ्याचा प्रयोग दिला आहे. सरळ पडणारी वस्तू त्या काळच्या साधनांनी मोजता येण्याइतकी हळू नव्हती. उतरणीने गती संथ केली आणि अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे मोजून दाखवता आले.

घरंगळणारा गोळा : हाच प्रयोग शाळेत करून गुरुत्व त्वरण काढायला गेले की उत्तर ७च्या आसपास येते. घड्याळाला दोष देण्याचे कारण नाही. १२० सेंटिमीटर फळी ६ सेंटिमीटर उंच केली, तर न घरंगळता, घर्षणाशिवाय सरकणाऱ्या वस्तूचे त्वरण ०.४९ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. भरीव गोळ्याची काही ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते, म्हणून त्याचे त्वरण याच्या पाच सप्तमांश, म्हणजे ०.३५ राहते. १ मीटर अंतराला त्याला २.०२ ऐवजी २.३९ सेकंद लागतात. आलेल्या उत्तराला ७/५ ने गुणले की ९.८ मिळते. ही दुरुस्ती सपाट फळीसाठी आहे. अरुंद खाचेत गोळा दोन कडांवर टेकतो, तेवढेच अंतर जायला जास्त फेरे घेतो आणि त्वरण आणखी कमी होते. माध्यमिक वर्गात गोळ्याऐवजी लहान, हलक्या चाकांची जड गाडी वापरावी. तिच्या चाकांत जाणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या मानाने थोडी असते. धुऱ्यांचे घर्षण भरून काढण्यासाठी आधी फळी इतकीच उचलावी, की हलका धक्का दिल्यावर गाडी एकसमान वेगाने जात राहील. त्या स्थितीला शून्य उंची मानून पुढची उंची मोजावी.