एचपी, हवा आणि टर्बोचा सायलेन्सर

सांगलीकडं एचपी (हॉर्सपॉवर, घोड्याची ताकद) हा शब्द आधी मळ्यात आला, गाडीत नंतर. नदीवरची मोटर पाचाची की साडेसाताची, हे शाळकरी पोरही सांगतं. मोट ओढणाऱ्या बैलांचं काम पंपांनी घेतलं (पंप बनवणारी किर्लोस्करवाडी १९१० सालची). शब्दाचा जन्मही असाच. वाफेचं इंजिन घोड्यांच्या जागी विकायचं, म्हणून जेम्स वॅटनं हिशेब मांडला: मिनिटाला ३३,००० पौंड एक फूट उचलले की एक एचपी. आताच्या गाड्यांवर छापतात तो ‘पीएस’, म्हणजे मेट्रिक एचपी, किंचित हलका.

इंजिनात पेट्रोल हवं तेवढं सोडता येतं, अडतं ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीनं १९०५ साली पेटंट घेतलं ते याच अडचणीवर. इंधनाची जवळपास तिसरा हिस्सा उष्णता धुराबरोबर जाते. त्याच धुरानं पंखा फिरवा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं इंजिनात हवा कोंबा. हाच टर्बो. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉसनं विमानाचं इंजिन पाइक्स पीकवर, १४,००० फुटांवर, नेलं. विरळ हवेत घटलेली ताकद टर्बोनं भरून काढली.

मोटारीत टर्बो आला १९६२ साली. ओल्डस्मोबिल जेटफायरचं साडेतीन लिटरचं इंजिन २१५ एचपी द्यायचं, पण ते ठोकू नये (इंधन आत अवेळी पेटू नये) म्हणून पाणी-मिथेनॉलची टाकी भरावी लागे. मालक विसरत. शेवटी कित्येक गाड्यांचे टर्बो काढूनच टाकले.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका गॅरेजात उघडलेला टर्बो हातात घेतला होता. गोगलगायीसारखं ओतीव घर, एक पंखा काजळीनं काळा, दुसरा चकचकीत, मधला दांडा करंगळीपेक्षा बारीक. हे मिनिटाला लाखावर फेरे घेतं! धुराचा बराच आवाजही तिथंच मरतो, म्हणून बुलेटसारखा ठोका मागणारी पोरं हिरमुसतात.

‘थोडं बॅकप्रेशर (धुराला मागं रेटणारा दाब) लागतंच’ हे गॅरेजातलं आवडतं वाक्य टर्बोला लावू नये. टर्बोच्या पुढं, सायलेन्सरकडं, पाइप जितका मोकळा तितका पंखा लवकर फिरतो. टर्बोच्या आधी मात्र उलटं: तिथं पाइप उगाच रुंद केला की धूर मंदावतो, थंड होतो आणि लॅग, म्हणजे पाय दाबल्यावर ताकद यायला लागणारा उशीर, वाढतो. शिवाय आताच्या गाडीत हवेचा दाब कॉम्प्युटर ठरवतो. त्याला हात न लावता नुसता सायलेन्सर बदलला तर वाढतो तो बहुतेक आवाजच.