सोलापूर नेमके केव्हा जिंकले गेले : १८१८ च्या जाहीरनाम्याची पार्श्वभूमी

इंग्रजांनी हा मुलूख १८१८ मध्ये जिंकला, असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. आजच्या सोलापूर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, तर हे विधान जिल्ह्याच्या एका भागापुरतेच खरे ठरते. सोलापूरचा किल्ला आणि पेठ त्या वर्षीच्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने लढून घेतली, हे निर्विवाद आहे. पंढरपूर-सांगोल्याचा मुलूख मात्र त्यानंतर जवळपास तीस वर्षे सातारच्या छत्रपतींच्या राज्यात राहिला आणि १८४८ मध्ये एकही तोफ न डागता कंपनीकडे गेला. अक्कलकोटचे संस्थान तर स्वातंत्र्यानंतर विलीन होईपर्यंत टिकले. शेजारच्या गावांवरचा ताबा असा वेगवेगळ्या मार्गांनी आणि वेगवेगळ्या काळी बदलला असेल, तर मुलूख जिंकणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न रणांगणापुरता मर्यादित राहत नाही. त्याचे उत्तर बरेचसे लढाईनंतरच्या कागदांत सापडते.

किल्ल्याचा त्यापूर्वीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. बहमनी काळातला हा किल्ला पुढे आदिलशाही आणि निजामशाही यांच्यातल्या वैराचे कारण झाला. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजापूरची राजकन्या अहमदनगरच्या सुलतानाला दिली गेली. त्या लग्नात सोलापूरचा किल्ला आणि त्याभोवतीचे साडेपाच परगणे आंदण देण्याचे ठरले होते, असे अहमदनगरचे म्हणणे होते, तर असे वचन देण्याचा अधिकार कोणाला दिलाच नव्हता, अशी विजापूरची भूमिका होती. या एका वादावरून दोन राज्यांत पुढची कित्येक वर्षे लढाया होत राहिल्या. अखेर १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वी अहमदनगरची राजकन्या विजापूरला दिली गेली, तेव्हा तोच किल्ला आंदण म्हणून परत आला. १६६८ मध्ये तो तहाने मोगलांकडे गेला. ज्या किल्ल्यासाठी इतके रक्त सांडले, त्याची मालकी अनेकदा लग्नाने आणि तहाने ठरली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मोगल बादशहा औरंगजेबाचा अनुभव याहून वेगळा होता. १६९५ ते १६९९ या काळात त्याची मुख्य छावणी मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी, ब्रह्मपुरी-माचणूरला होती. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये त्याने घेतले होते, १६९८ मध्ये मराठ्यांची तेव्हाची राजधानी जिंजीही त्याच्या सरदारांच्या हाती आली. तरीही छावणी हलवून त्याला पुन्हा सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड अशा एकेका गडामागे जावे लागले. त्यांतले काही गड पैसे मोजून ताब्यात आले आणि पुढे मराठ्यांनी ते परत घेतले. राजधान्या पडल्या म्हणून मुलूख जिंकला गेला असे होत नाही, हे भीमेच्या काठच्या त्या चार वर्षांनी दाखवून दिले आहे.

आता १८१८ कडे वळू, कारण खरा गुंता तिथेच आहे. घटनांचा क्रम नीट पाहिला पाहिजे. १० फेब्रुवारीला साताऱ्याचा किल्ला कंपनीच्या हाती आला आणि दुसऱ्याच दिवशी, ११ फेब्रुवारीला, कंपनीचा जाहीरनामा निघाला. त्यात पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या कारभारातले दोष सांगितले होते, त्याचा मुलूख कंपनी आपल्या ताब्यात घेणार असल्याचे कळवले होते आणि रयतेने त्याला वसूल देऊ नये, असे बजावले होते. वतने, इनामे, वर्षासने, देवस्थानांची उत्पन्ने आणि लोकांचा धर्म यांना धक्का लागणार नाही, असे आश्वासनही त्यातच होते. जे वतनदार पेशव्याची चाकरी सोडून दोन महिन्यांत घरी परततील त्यांना अभय होते, आणि जे परतणार नाहीत त्यांची वतने जाणार होती. या सगळ्यात एक कलम वेगळे होते. सातारच्या छत्रपतींना, म्हणजे प्रतापसिंहांना, पेशव्याच्या कैदेतून सोडवून त्यांच्या इतमामासाठी काही मुलूख त्यांच्याकडे दिला जाईल, असे त्यात म्हटले होते.

हे छापून निघाले तेव्हा छत्रपती पेशव्याच्या लष्कराबरोबरच होते. त्यानंतर नऊ दिवसांनी, २० फेब्रुवारीला, सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीला (बीडच्या आष्टीशी तिची गल्लत होऊ नये) लढाई झाली. पेशव्यांचा सेनापती तिथे पडला, पेशवा निसटला आणि छत्रपती व त्यांचे कुटुंब इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवण्यात आले. मे महिन्यात दक्षिणेकडून आलेल्या फौजेने सोलापूरची पेठ शिड्या लावून घेतली, पेशव्यांच्या पायदळाला सीना नदीपर्यंत पिटाळले, आणि काही दिवसांत किल्लाही खाली झाला. ३ जूनला पेशव्याने स्वतःला कंपनीच्या स्वाधीन केले. युद्ध म्हणून पाहिले तर ते इथे संपले.

मग १८१८ मध्ये जिंकले गेले ते कोण? जाहीरनाम्याच्या भाषेत शत्रू पेशवा होता आणि छत्रपती हे त्याचे कैदी. पेशवाईची वस्त्रे छत्रपतींकडून येत असत, म्हणजे मालक सुटले आणि चाकर हरला. हा अर्थ घेतला, तर साताऱ्याचे राज्य नव्याने कोणी दिले नव्हते, ते मूळ धन्याकडे परत आले होते. पण २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात भाषा बदललेली दिसते. पेशव्याचा सारा मुलूख कंपनीने जिंकला आणि त्यातला काही भाग कंपनी छत्रपतींना देत आहे, असा त्याचा रोख आहे. त्याच तहात हे राज्य छत्रपतींकडे आणि त्यांच्या वारस-उत्तराधिकाऱ्यांकडे कायम राहील, असेही लिहिले आहे. आधी जिंकले आणि मग दिले, असा हा क्रम कागदावर बसवला गेला, त्याचे मोल त्या वेळी साताऱ्यात कितपत कळले असेल, याची शंका येते. मला तर १८४८ मध्ये जे घडले त्याचे मूळ त्या क्रमातच दिसते.

१८३९ मध्ये याच छत्रपतींना, प्रतापसिंहांना, कटाचा आरोप ठेवून पदच्युत करून काशीला पाठवले गेले आणि १८४७ मध्ये ते तिथेच वारले. त्यांचे गाऱ्हाणे मांडायला गेलेले वकील एका तपाहून अधिक काळ लंडनमध्ये खेटे घालत राहिले. गादीवर बसवलेले त्यांचे बंधू एप्रिल १८४८ मध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक घेतला होता. त्या दत्तकाला राज्याचा वारसा मिळतो का, यावर कंपनीच्या अधिकाऱ्यांतच दोन तट पडले. मुंबईच्या तत्कालीन गव्हर्नरांचे मत होते की तहातल्या शब्दांत दत्तकही येतो आणि राज्य खालसा करू नये. त्यांच्या जागी आलेल्या गव्हर्नरांचे आणि कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलांचे मत उलट होते. हे राज्य कंपनीनेच निर्माण केले, ते तिच्या अधीन आहे आणि कंपनीच्या संमतीवाचून दत्तकाकडे जाऊ शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. लंडनच्या संचालकांनी तोच मान्य केला. दत्तकाला खासगी मालमत्ता मिळाली, राज्य मिळाले नाही.

या युक्तिवादाचा पाया आष्टीत आणि १८१८ च्या मोहिमेत आहे. तीस वर्षांपूर्वीच्या विजयाचा दाखला देऊन, लढाई न करता, एक संपूर्ण राज्य घेतले गेले. त्या विजयात छत्रपती शत्रू नव्हते, असे कंपनीनेच जाहीर केले होते, याचा मात्र सोयीस्कर विसर पडला. कायद्याच्या अंगाने कंपनीची बाजू मांडता येत नाही असे नाही, कारण तहात अधीनतेची कलमे स्पष्ट होती आणि छत्रपतींनी त्यांवर शिक्का केला होता. तरीही मुक्त केले असे सांगून नंतर जिंकले होते असे म्हणणे, यात विश्वासघात आहे, हे लपवून उपयोग नाही. पुढे काही वर्षांनी सोलापूर जिल्ह्याची फेररचना झाली, त्यात साताऱ्याकडचे पंढरपूर आणि सांगोला तालुके या जिल्ह्याला जोडले गेले.

जाहीरनाम्यातल्या दुसऱ्या आश्वासनाचीही गत अशीच झाली. इनामे चालू राहतील हा शब्द दिला होता. १८५२ च्या कायद्याने मात्र जुन्या सनदांची छाननी सुरू झाली आणि पुरावा देण्याचा भार इनामदारावर पडला. पिढ्यान् पिढ्या जमीन खाणाऱ्या ज्या घरांकडे सनदेचा कागद उरला नव्हता, त्यांची इनामे गेली.

सत्ता कशावर उभी आहे हे एरवी दिसत नाही, ते सोलापूरने १९३० मध्ये पाहिले. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहरात मोर्चे निघाले, गोळीबार झाला, पोलीस चौक्या आणि न्यायालय जळाले आणि काही दिवस सरकारी अंमल शहरातून उठला. १२ मे ते ३० जून इथे लष्करी कायदा लागू होता आणि तिरंगा बाळगल्याबद्दलही शिक्षा झाल्या. १२ जानेवारी १९३१ रोजी चार सोलापूरकरांना येरवड्याला फाशी दिले गेले. नगरपालिका, न्यायालये, गिरण्या यांचा सगळा व्यवहार कित्येक दशके रुळलेला असताना, पहिल्या मोठ्या धक्क्यासरशी सरकारला पुन्हा १८१८ सारखीच फौज आणावी लागली.

दरम्यान जगाची या विषयाकडे पाहण्याची रीत बदलत होती. लढून घेतलेल्या मुलखावर हक्क पोचतो, ही समजूत युद्धाचा मार्ग सोडण्याच्या १९२८ च्या पॅरिस कराराने मोडीत काढायला सुरुवात केली आणि १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने दुसऱ्या देशाच्या भूमीविरुद्ध बळाचा वापर निषिद्ध ठरवला. त्यामुळे १९४८ मध्ये सोलापूरहून निघालेली मोहीम वेगळ्या भाषेत मांडणे भारत सरकारला भाग होते. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्याची मुख्य तुकडी इथून हैदराबादच्या दिशेने निघाली आणि त्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. रणगाडे आणि विमाने असलेल्या या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले, कारण निजामाची तक्रार सुरक्षा परिषदेपुढे गेलेली होती आणि ही आमची अंतर्गत बाब आहे, असे दिल्लीला ठामपणे सांगायचे होते. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या छळाने सीमेपलीकडून सोलापुरात आसऱ्याला आलेल्या कुटुंबांसाठी ती मुक्ती होती, आणि मराठवाड्यातल्या जनतेने ती स्वतः लढून मिळवली होती, हे खरेच आहे. कारवाईनंतर निजामी मुलखात मुसलमान वस्त्यांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारनेच एक समिती नेमली होती. तिचा अहवाल मात्र कित्येक दशके वाचकांसमोर आला नाही.