देवमासे पाहणारी नजर आली कुठून?

अटलांटिक महासागराच्या मध्यावर अझोर्स ही पोर्तुगीज बेटं आहेत. तिथल्या कड्यांवर लहानशा टेहळणीच्या खोल्या अजून उभ्या आहेत. समुद्राच्या बाजूला एक आडवी फट आणि त्या फटीशी दुर्बीण, बस्स. या खोलीलाही आणि तिथे बसणाऱ्या माणसालाही 'विजिया' म्हणतात. पूर्वी हा विजिया पहाटेपासून पाण्यावर डोळे लावून बसायचा. लांबवर देवमाशाच्या श्वासाचा फवारा दिसला की दारूचा बाण आकाशात उडवायचा, आणि खालच्या गावातली माणसं हातचं काम टाकून होड्यांकडे धावायची. स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाचा फवारा त्याला कोसांवरून ओळखू यायचा. या प्राण्याची नाकपुडी डोक्याच्या टोकाशी, डाव्या अंगाला असते, त्यामुळे फवारा सरळ वर न जाता पुढे आणि डावीकडे कलतो.

तिथला शेवटचा देवमासा १९८७ मध्ये मारला गेला. पुढच्या काही वर्षांतच विजिया पुन्हा कड्यावर जाऊन बसले. आता ते पर्यटकांच्या बोटींना बिनतारी संचावरून सांगतात, कुठल्या दिशेला जा, किती अंतरावर फवारा दिसतोय. दुर्बिणीने देवमासा शोधायचं काम तेच राहिलं, त्याला मारायचं तेवढं थांबलं. बोटीतून देवमासे पाहण्याचा सगळाच इतिहास मला या एका खोलीत दिसतो. त्यातलं बहुतेक ज्ञान शिकाऱ्यांनी आणि मच्छिमारांनी जमवलेलं आहे.

आपण ज्याला देवमासा म्हणतो त्याच्या एका जातीला, करड्या देवमाशाला, अमेरिकन शिकारी 'सैतानमासा' म्हणत. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ खाड्यांमध्ये या माद्या हिवाळ्यात पिलं घालायला येतात. १८५७ मध्ये शिकारी जहाजाचा कप्तान चार्ल्स स्कॅमन यातल्या एका खाडीत शिरला आणि तिथे कत्तल सुरू झाली. पिलाजवळची आई उलटून होड्या फोडायची, म्हणून ती सैतान. या जातीला पूर्ण संरक्षण मिळायला १९४६ उजाडावं लागलं.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९५० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या कॅब्रियो स्मारकापाशी लोकांना करडे देवमासे पाहता यावेत म्हणून एक जागा ठरवली गेली. पहिल्याच वर्षी तिथे सुमारे दहा हजार लोक आले. १९५५ मध्ये तिथल्याच एका मच्छिमाराने माणशी एक डॉलर घेऊन लोकांना बोटीतून न्यायला सुरुवात केली. या व्यवसायाची सुरुवात साधारण इथूनच धरतात.

१९७२ ची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. बाहामधल्याच सॅन इग्नासिओ खाडीत पाचिको मायोराल हा कोळी मासे पकडत होता. तिथले कोळी 'सैतानमाशा'पासून चार हात दूरच राहत. त्या दिवशी एक देवमासा त्याच्या होडीला येऊन चिकटला आणि हलेचना. शेवटी भीत भीत पाचिकोने हात पुढे केला आणि त्याच्या अंगावर ठेवला. आज त्या खाडीत माद्या आपल्या पिलांना होडीपाशी घेऊन येतात.

मधल्या काळात लोकांचं मनही बदलत होतं. १९७० मध्ये जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी हंपबॅक देवमाशांच्या गाण्यांची तबकडी काढली आणि लाखो लोकांनी ती घरात बसून ऐकली. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक हंपबॅकची वेगळी असते हे ध्यानात आलं, आणि प्रवासी बोटींवरून काढलेले फोटो संशोधकांची नोंदवही बनले. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकार थांबवायचा ठराव केला. २००८ मध्ये ११९ देशांत मिळून सुमारे १ कोटी ३० लाख लोक देवमासे आणि डॉल्फिन पाहायला गेले.

डॉल्फिन आणि पक्ष्यांची हकिकत याहून गुंतागुंतीची आहे. पूर्व प्रशांत महासागरात पिवळ्या पराचा ट्यूना डॉल्फिनच्या कळपाखालून पोहतो आणि वर पक्षी घिरट्या घालतात. मच्छिमार आधी पक्षी शोधत, पक्ष्यांखाली डॉल्फिन, आणि मग त्या डॉल्फिनभोवतीच जाळं टाकत. त्यात लाखो डॉल्फिन मेले. त्यावरून उठलेल्या संतापाचा १९७२ चा अमेरिकन सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा होण्यात मोठा वाटा होता. आजही बोटीवरचा जाणता माणूस आधी आकाशच पाहतो. एका जागी पक्षी सूर मारताना दिसले की तो बोट तिकडे वळवतो.

पण मग पक्ष्यांना कसं कळतं? शिअरवॉटर, अल्बट्रॉस आणि पेट्रेल या समुद्रपक्ष्यांच्या चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात. झूप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, सूक्ष्म वनस्पती खाऊ लागले की डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. यातले काही पक्षी, विशेषतः पेट्रेल, त्याच्या वासावर येतात हे संशोधक गॅब्रिएल नेव्हिट यांनी १९९५ मध्ये दाखवलं. पक्षीनिरीक्षणाच्या बोटींवरून माशाचं काळीज पाण्यात टाकतात ते याच नाकासाठी. थोड्या वेळाने चिमणीपेक्षा थोडंच मोठं असं वादळी पाखरू (स्टॉर्म पेट्रेल) येतं आणि पाण्यावर पावलं टेकत नाचत राहतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच पक्ष्यांच्या अभ्यासासाठी रोलो बेक हा पक्षी जमवणारा माणूस कॅलिफोर्नियाच्या माँटेरी उपसागरात छोट्या होडीतून जायचा, बंदूक घेऊन. संग्रहालयांना कातडी हवी असायची.

आता चिंता आहे ती गर्दीची. चहूबाजूंनी बोटी जमल्या की इंजिनाच्या आवाजात या प्राण्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही, खाणं आणि विश्रांती मोडते. म्हणून अनेक देशांनी अंतराचे आणि वेगाचे नियम केले. स्पर्म व्हेलला थेट समोरचं आणि थेट मागचं दिसत नाही, हे जुन्या शिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. हारपून, म्हणजे दोर बांधलेला भाला, घेऊन ते नेमके तिथूनच जवळ जायचे. आज अनेक ठिकाणचे नियम सांगतात की समोरून जायचं नाही, मागूनही नाही. बाजूने, सावकाश, देवमाशाला आपण दिसू असंच जायचं.